जपानी शिकताना अभ्यास पुन्हापुन्हा बंद पडतो? अडलेलं पान शोधा

"सेन्सेई, मनच लागत नाहीये."

मी जपानी शिकवते, आणि हा मेसेज मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो. पाठवणारे वेगळे, शब्द तेच. कुणी हिंजवडीतली नोकरी उरकून संध्याकाळच्या बॅचला येणारा, कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. एक आजी तर बासष्टाव्या वर्षी शिकायला आल्या होत्या, कारण ओसाकात वाढणारा नातू मराठी विसरत चालला होता. गोष्ट सगळ्यांची एकाच वळणाने जाते. हिरागाना-काताकाना या दोन अक्षरमाला झपाट्याने होतात, पहिले वीस धडे उत्साहात जातात, मग एक दिवस वही मिटते ती मिटूनच राहते. महिना-दीड महिन्याने अपराधी वाटून ती पुन्हा उघडायची, आठवडाभर रेटायचं, की पुन्हा बंद. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणूस स्वतःबद्दल निकाल देऊन मोकळा होतो: आपल्यात चिकाटीच नाही.

हा निकाल मला मान्य नाही. नोकरी, घर, प्रवास सांभाळून जो माणूस आठवड्यातून तीन दिवस रात्री आठ वाजता क्लासला येऊन बसतो, त्याच्यात चिकाटी नाही असं म्हणायला मी धजणार नाही. माझं स्वतःचं जपानी तीन वेळा बंद पडलं आणि तिन्ही वेळा कारण अगदी ठोस निघालं. एकदा व्याकरणाचा एक धडा, एकदा फ्लॅशकार्डांचा ढीग, एकदा परीक्षेचा निकाल. मन उठलं होतं ते त्या एका जागेवरून. ती जागा दुरुस्त झाल्यावर अभ्यास आपोआप पुढे सरकला. त्यामुळे कुणी हा मेसेज पाठवला की मी ध्येयाबद्दल काही बोलत नाही. म्हणते, येताना वही आणा.

आधी वही उघडा

शेवटचं लिहिलेलं पान काढा. तारीख बघा, धडा बघा, आणि त्या दिवशी शेवटचं काय केलं होतं ते आठवा. बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

आपल्याकडे बऱ्याच क्लासांत जे पन्नास धड्यांचं पुस्तक चालतं, त्यात पंचविसाव्या धड्यापर्यंत साधारण एन-५ (जपानीच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) होतं आणि पन्नासाव्यापर्यंत त्यावरची एन-४. माझ्याकडे आलेल्या वह्या दोन-तीन ठिकाणी हमखास थांबलेल्या असतात. चौदाव्या धड्यात क्रियापदाचा ते-फॉर्म येतो, तिथे काही थांबतात. सर्वांत जास्त थांबतात एकोणतीस-तीसला. मग सदतिसावा धडा, कर्मणी प्रयोगाचा. वही अशा ठिकाणी थांबली असेल तर बिघाड व्याकरणात आहे.

वही ठीकठाक, पण फोनवरच्या अ‍ॅपमध्ये चार आकडी कार्डं थकलेली, तर बिघाड उजळणीत. शेवटची तारीख जुलैच्या किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली असेल तर तो परीक्षेनंतरचा खड्डा. वही भरगच्च आहे, पण शेवटचं जपानी वाक्य कानावर कधी पडलं ते आठवतच नाही, हा आणखी वेगळा बिघाड. आणि तारखेच्या आसपास घरात आजारपण, लग्न, ऑफिसातली रिलीज असं काही असेल, तर काहीच बिघडलेलं नाही, तुम्ही दमला होतात. अशा वेळी कुठून आणि कसं परत सुरू करायचं एवढाच प्रश्न उरतो, तो शेवटी घेते.

मध्ये इंग्रजी येतंय का?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मराठी माणसाचं जपानी सर्वांत जास्त इथे अडतं आणि सर्वांत लवकर सुटतंही इथेच.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने जपानीला सर्वांत अवघड भाषांच्या गटात टाकलंय, अरबी, चिनी, कोरियनच्या बरोबर. कामापुरती भाषा यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात असा त्यांचा हिशोब. हा आकडा कुणीतरी वाचतं, आपल्या आठवड्याच्या चार-पाच तासांनी त्याला भागतं आणि गळून जातं. पण तो हिशोब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. त्यांना क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायची सवय लावून घ्यावी लागते, आपण जन्मापासून तेच करतोय. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, आपल्यालाही तितकीच घोटावी लागते, त्यात सूट नाही. व्याकरणात मात्र आपण बरेच पुढून निघालेलो असतो. होतं काय, की पुस्तकातल्या टिपा इंग्रजीत, अ‍ॅप इंग्रजीत, क्लासही अर्धा इंग्रजीत. म्हणजे आपण जपानी वाक्य आधी इंग्रजीत नेतो, तिथे ते उलटंपालटं होतं, आणि मग ते उलटं वाक्य मराठीत सुलटं करत बसतो. दोनदा उलटापालट करून माणूस थकणारच.

माझी पहिली अडचण एकोणतिसाव्या धड्यात झाली. जिदोशी आणि तादोशी, म्हणजे अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांच्या जोड्या. वारेरु आणि वारु. ओचिरु आणि ओतोसु. किएरु आणि केसु. इंग्रजीत वारेरु म्हणजेही ‘ब्रेक’ आणि वारु म्हणजेही ‘ब्रेक’. मी तीन आठवडे त्या जोड्यांचा तक्ता पाठ करत होते आणि रोज उलटसुलट करत होते. शेवटी वही कपाटात गेली. मग एका सकाळी ओट्यावरून कप खाली पडला. आवाज ऐकून आईने देवघरातूनच विचारलं, "काय गं, फुटला की फोडलास?"

मी तिथेच उभी राहिले. फुटणं, फोडणं. वारेरु, वारु. पडणं आणि पाडणं म्हणजे ओचिरु आणि ओतोसु. विझणं, विझवणं म्हणजे किएरु, केसु. तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं, मरणं-मारणं, आपल्या भाषेत अशा जोड्यांची रास आहे आणि त्यात कधी कुणाची चूक होत नाही. चार वर्षांचं पोरसुद्धा दोष टाळायचा असेल तर बरोबर "फुटला" म्हणतं. त्याच धड्यातलं वारेते शिमाइमाशिता हे "फुटून गेला"च्या फार जवळचं आहे, त्यात तीच हळहळ आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत मी सगळ्या जोड्या मराठीत लिहून काढल्या. तीन आठवड्यांत न झालेलं काम तीन तासांत झालं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. नवा नमुना आला की आधी मराठीत त्याचा भाऊबंद शोधायचा. ते-फॉर्म आपल्या ‘ऊन’चं काम करतो: ओकिते म्हणजे उठून, ताबेते म्हणजे खाऊन. मग पुढची सगळी मालिका हातात येते. ताबेते मिमासु म्हणजे खाऊन बघते. यासाई ओ कात्ते ओकिमासु, भाजी विकत घेऊन ठेवते. त्सुकुत्ते कुरेमाशिता, करून दिलं. मोत्ते किमासु, घेऊन येते. यातलं बघणं, ठेवणं, देणं, येणं हे जपानीतही तीच क्रियापदं आहेत: मिरु, ओकु, कुरेरु, कुरु. शब्दाला शब्द लावून बघा, कुठे खाच राहत नाही.

बाविसाव्या धड्यातल्या लांब विशेषणांनाही लोक घाबरतात. वाताशि गा किनोओ कात्ता होन. याचं मराठी: मी काल विकत घेतलेलं पुस्तक. मी, काल, विकत घेतलेलं, पुस्तक. क्रम जसाच्या तसा. इंग्रजीत मात्र पुस्तक पहिलं येतं आणि बाकीचं त्याच्या मागे लटकतं, म्हणून टिपेत तो नमुना उगाच डोंगराएवढा दिसतो. "येतो म्हणाला" या वाक्यातला म्हणण्याआधीचा मजकूर जपानीत ‘तो’ हा प्रत्यय लावून जसाच्या तसा ठेवतात. आणि पावसाने आपल्याला गाठलं हे सांगायला जपानी माणूस आमे नि फुरारेमाशिता म्हणतो, तेव्हा त्यात पावसाबद्दलची तक्रार असते. त्याचं इंग्रजी भाषांतर वाचून काही कळत नाही. "पावसाने गाठलं" म्हटलं की कळतं.

अगदी अक्षरमालेपासून हा धागा आहे. आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत लिहिण्यासाठी सिद्धम लिपी जपानात नेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम बसला. आपला क, च, त, न, प, म, य, र, व हा क्रम त्याच्या शेजारी ठेवून बघा. ‘प’च्या जागी ‘ह’ का, असं मुलं विचारतात. प्राचीन जपानीत तिथे ‘प’च होता, तो पुढे मऊ होत ‘ह’ झाला. म्हणून तर लांबट वस्तू मोजताना इप्पोन, निहोन, सान्बोन असं एकाच शब्दाचं प, ह, ब होतं. बासष्ट वर्षांच्या त्या आजी नेमक्या या मोजणीवर अडल्या होत्या. प, ह, ब हे एकाच घरातले आहेत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का!" आणि स्वयंपाकघरातल्या शेवग्याच्या शेंगा मोजायला लागल्या.

सगळीकडे मराठी मदतीला येत नाही, हेही सांगते. नामामागे लागणाऱ्या ‘वा’ आणि ‘गा’ या प्रत्ययांतला फरक मराठीतून पूर्ण सुटत नाही. तो भरपूर वाचून, ऐकूनच अंगात मुरतो. वस्तूगणिक बदलणारे मोजणीचे शब्द पाठच करावे लागतात. पण जिथे रस्ता सरळ आहे तिथे तरी वळसा घालून दमू नका. तुमचा अभ्यास एकोणतीसला किंवा सदतीसला थांबला असेल तर तो धडा इंग्रजी टिपा झाकून, प्रत्येक उदाहरणाखाली घरातल्या बोलीत मराठी वाक्य लिहून एकदा करा. पुस्तकी मराठी नको. "मी ते करून टाकले आहे" असं लिहू नका, "करून टाकलं" लिहा.

कार्डांचा ढीग

दुसरा बिघाड फोनमध्ये असतो. फ्लॅशकार्डांसाठी बहुतेकजण आंकी वापरतात. आंकी म्हणजे जपानीत पाठांतर. २००६ पासून असलेलं हे अ‍ॅप फार गुणी आहे, माझं निम्मं शब्दभांडार त्याच्यामुळे आहे. पण त्याची मूळ मांडणी रोज २० नवी कार्डं देते. पहिल्या आठवड्यात हे सोपं वाटतं. प्रत्येक कार्ड पुढच्या महिन्यात कितीतरी वेळा फिरून येतं, त्यामुळे नेटाने चालू ठेवलंत तर महिना-दीड महिन्यात रोजची उजळणी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. मग गावाला जत्रा असते, चार दिवस फोन उघडला जात नाही, आणि परत आल्यावर पाचशे-सहाशेचा आकडा समोर उभा. तो आकडा बघून अ‍ॅप बंद होतं. दुसऱ्या दिवशी तो वाढलेला असतो. दोन आठवड्यांनी माणसाला जपानीचीच धास्ती बसलेली असते, आणि खरं तर त्याची चूक एवढीच की त्याने एका सेटिंगला हात लावला नव्हता.

दुरुस्ती साधी आहे. नव्या कार्डांची संख्या शून्य करा. रोजच्या उजळणीला ५० किंवा ६० ची मर्यादा घाला, म्हणजे बाकीचा ढीग डोळ्यांसमोर येणार नाही. तीन-चार आठवड्यांत तो उतरतो. त्यानंतर रोज पाच-सात नवी कार्डं, वीस नकोत. जी कार्डं आठ वेळा चुकतात त्यांना आंकी स्वतःहून बाजूला काढतं, ती हट्टाने परत आत ढकलू नका. ती कार्डं कागदावर घ्या.

कागदावर कशाला, ते एका उदाहरणाने सांगते. मात्सु (वाट बघणं), मोत्सु (हातात धरणं), तोकी (वेळ) आणि तोकुबेत्सुमधला तोकु (विशेष). या चार कांजी फोनवर वेगवेगळ्या दिवशी येतात आणि कायम एकमेकींत मिसळतात, कारण उजवा भाग चौघींचा एकच आहे. तो भाग म्हणजे तेरा, देऊळ. कागदाच्या मधोमध देऊळ काढा आणि डावीकडे एकेक पाहुणा आणून बसवा. सूर्य बसवला की वेळ. देवळाची घंटा आणि दिवसाचा प्रहर. हात बसवला की धरणं. चालणाऱ्या माणसाची खूण बसवली की वाट बघणं, देवळापाशी जाऊन कुणाची तरी वाट बघावी तसं. गाय बसवली की विशेष. जिभेवरचा शब्द, म्हणजे बोलण्याची खूण बसवली की कविता. नुसता माणूस बसवला की सामुराई. शिवाय देवळाचा चिनीतून आलेला उच्चार ‘जि’, वेळेचाही ‘जि’, जिकानमधला. एका पानावर अर्ध्या तासात सहा कांजी, आणि परत कधी त्या मिसळत नाहीत.

हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मांडला, तेव्हा त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरं पाठ केली होती, म्हणजे आधीच्या कुठल्या ओळखीची मदत होऊ नये. कार्डावर एकटा, वाक्याबाहेरचा शब्द ठेवून आपण जवळपास तेच करतो. म्हणून कार्डावर निदान एक छोटं वाक्य असू द्या, आणि ते तुमच्या दिवसातलं असू द्या. "बस स्टॉपवर चाळीस मिनिटं वाट बघितली" हे वाक्य मात्सुला जन्मभर पुरतं.

आणि घाई नको. रोजच्या वापराच्या कांजींची २०१० ची सरकारी यादी २१३६ ची आहे. त्यातल्या १०२६ शिकायला जपानी मुलांना प्राथमिक शाळेची सहा वर्षं दिलेली असतात, आणि त्यांच्या तर दुकानांच्या पाट्याही त्याच लिपीत असतात.

परीक्षेनंतरचा खड्डा

नोरियोकु शिकेन, म्हणजे आपली जेएलपीटी, एन-५ पासूनच्या पातळ्यांची जपानीची परीक्षा, भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. आधीचे दोन महिने सगळे जीव तोडून करतात. परीक्षा झाली की "जरा आठवडाभर विश्रांती", आणि निकालाला लागतात साधारण दोन महिने. पास झालो तर पुढची पातळी, नाही तर पुन्हा हीच, असं म्हणून दोन्ही पुस्तकं तशीच ठेवली जातात. दोन महिने काही न करता गेले की ते-फॉर्मसुद्धा अडखळतो, आणि मग निकाल चांगला लागला तरी पुढचं पुस्तक उघडायची भीती वाटते.

याचा उपाय परीक्षेच्या आधी करायचा असतो. परीक्षेनंतरच्या सोमवारी काय करायचं ते आधीच्या आठवड्यात ठरवून ठेवा, आणि ते परीक्षेशी संबंध नसलेलं असू द्या. सोपी गोष्टींची पुस्तिका, तादोकु पद्धतीची. तादोकु म्हणजे भरपूर वाचन. सोप्यापासून सुरू करायचं, शब्दकोश उघडायचा नाही, कळलं नाही तर ओलांडून जायचं, आवडलं नाही तर दुसरं घ्यायचं. अशा पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळतात, पहिल्या पातळीच्या तर पाच मिनिटांत वाचून होतात. रोज एक वाचली तरी दोन महिन्यांत साठ होतात.

नापास झालात तर गुणपत्रिका नीट वाचा, नुसती बेरीज बघून फाडू नका. माझं एन-३ पहिल्या खेपेला गेलं तेव्हा बेरीज १०१ होती. १८० पैकी ९५ ला पास. तरीही खाली ‘अनुत्तीर्ण’. मी दोन दिवस तो कागद उलटासुलटा करून बघत होते. शब्द आणि व्याकरणात ४६, वाचनात ३८, ऐकण्यात १७. एन-३ ला प्रत्येक भागात ६० पैकी निदान १९ लागतात, आणि माझे चोकाईत, म्हणजे ऐकण्याच्या भागात, दोन कमी होते. त्या निकालानंतर मी पाच महिने जपानीला हात लावला नाही. मला वाटत होतं, मला जपानी येत नाही. कागद सांगत होता, तुला ऐकू येत नाही. या दोन तक्रारींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि दुसरीचा उपाय होता.

भाषा मुकी झाली असेल तर

जेएलपीटीत बोलायची परीक्षा नसते, हाताने लिहायचीही नसते. त्यामुळे आपण वर्षानुवर्षं मान खाली घालून रकाने भरत बसतो. भाषा कानावर पडत नाही, तोंडातून निघत नाही, आणि मग ती एखाद्या अवघड शब्दकोड्यासारखी वाटायला लागते. कोडं कितीही छान असलं तरी रोज दोन तास कुणी सोडवत नाही.

यासाठी मी जे केलं ते फार छोटं होतं. जपानी स्टेशनवरच्या घोषणेचं एक रेकॉर्डिंग घेतलं, अर्ध्या मिनिटाचं. मामोनाकु, निबान्सेन नि देन्शा गा माइरिमासु. आबुनाइ देसु कारा, किइरोइ सेन नो उचिगावा मादे ओसागारि कुदासाइ. थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर गाडी येत आहे, धोका आहे म्हणून पिवळ्या रेषेच्या आतपर्यंत मागे सरा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फक्त देन्शा कळलं. रोज चहा उकळेपर्यंत ते लावायचं आणि आवाजाच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, तसंच म्हणायचं. पाचव्या दिवशी लक्षात आलं की यात मला न येणारं काहीच नाही. ‘कारा’ नवव्या धड्यातला, ‘मादे’ चौथ्या, ‘ओसागारि कुदासाइ’चा आदरार्थी नमुना एकोणपन्नासाव्या, ‘माइरिमासु’ पन्नासाव्या. सगळं वहीत होतं, कानात पोचलं नव्हतं एवढंच. मग अशी तीस रेकॉर्डिंगं झाली: लिफ्टमधली, हवामानाची, दुकानातली. पुढच्या खेपेला चोकाईत ३४ आले.

बोलायला माणूस हवा, एकच पुरे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर जे उभं केलंय, तिथे आमच्या दोन विद्यार्थिनी रविवारी सकाळी फिरतात आणि दिसेल त्याच्याबद्दल जपानीत बोलतात. पूल, मासे, बाकावरचे आजोबा. चुका होतातच. गरगर फिरणाऱ्या पानासाठी शब्द आठवला नाही म्हणून एकीने सरळ "गरगर" म्हटलं, नंतर घरी बघितलं तर जपानी शब्द गुरुगुरु निघाला. छातीतल्या धडधडीला दोकिदोकि, धो धो पावसाला झाझा. अशा दुहेरी आवाजांच्या शब्दांत आपण जपान्यांना हार जाणार नाही.

कारणच बदललं असेल तर

कधी कधी वही, अ‍ॅप, कान सगळं ठीक असतं आणि तरी मन लागत नाही. ज्या प्रोजेक्टसाठी शिकत होतो तो दुसऱ्या टीमकडे गेला, जपानला जायचं बारगळलं, लग्न ठरून एखादी नाशिकला गेली. इथे मी ओढून धरत नाही. वर्षभरासाठी ठरवून थांबवा. आजपासून अमुक महिन्यापर्यंत बंद, असं वहीत लिहा. मध्ये फक्त रविवारी दहा मिनिटं एक जुना धडा मोठ्याने वाचा. ठरवून थांबवलेलं परत सुरू करता येतं. अर्धवट सोडलेल्याकडे बघायची मात्र लाज वाटत राहते, आणि त्या लाजेपायी कितीतरी चांगले विद्यार्थी मी गमावलेत.

परत सुरू करताना

पहिल्या धड्यापासून करू नका. हे मी हात जोडून सांगते. जो तो नव्या वहीत हिरागानापासून सुरुवात करतो, पहिले दहा धडे येतच असतात म्हणून भराभर जातात, आणि जिथे गेल्या खेपेला गाडी अडली होती तिथे पोचेपर्यंत उत्साह संपलेला असतो. मग तिथेच पुन्हा अडते. मी अशा एका मुलाच्या चार वह्या बघितल्यात, चारही तिसाव्या धड्यावर संपलेल्या.

अडलेल्या धड्याच्या पाच धडे मागे जा. त्या पाच धड्यांतले संवाद नुसते मोठ्याने वाचा, रोज एक, वीस मिनिटांच्या वर नाही. सहाव्या दिवशी अडलेला धडा घ्या आणि त्यावर आठवडा घालवा: मराठी वाक्यं, कागदावरच्या कांजी, एक रेकॉर्डिंग, जे बिघडलं असेल ते. पहिले दहा दिवस नवं काहीच नको. वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधा. माझा चहाला बांधलाय, एका विद्यार्थ्याने शिवाजीनगर ते आकुर्डी लोकलला बांधलाय.

आणि वहीचं शेवटचं पान यासाठी राखून ठेवा. अभ्यास अडला की तारीख, पान आणि कशावर अडलं ते एका ओळीत लिहायचं. सुटलं की त्याच ओळीपुढे कशाने सुटलं ते. माझ्याकडे अशा अकरा ओळी आहेत. शेवटची गेल्या महिन्यातली: "अर्थसंकल्पावरची बातमी, दुसरा परिच्छेद. चौदा ओळींचं एकच वाक्य." तिच्यापुढे दोन दिवसांनी लिहिलंय: "शेवटचं क्रियापद आधी वाचलं. आईच्या पत्रांतही अशीच वाक्यं असायची."